भोंग्याचा पल्ला

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे भोंगा तपासणं. बायको गाडीत माइक धरून बसली आणि मी जऊळक्याकडच्या कच्च्या रस्त्यानं चालत सुटलो. असं आम्ही कितीदा केलं याची मोजदाद नाही.

पद्धत आमचीच होती, कोणी शिकवली नव्हती. माझं रेडिओदुरुस्तीचं आणि लाऊडस्पीकरचं दुकान. शाळा चौथीपर्यंत, पण वायर मला कळे. नवीन भोंगा बसवला की गिऱ्हाईक पहिलं एकच विचारी, "किती दूर जाईन?" म्हणून ती माइकवर बोलत राही आणि मी चालत राही. आवाज यायचा बंद झाला की मी खांद्यावरचा लाल दुपट्टा काढून डोक्यावर धरायचा. आमच्याकडचं रान सपाट, लाल कापड लांबून दिसे. दुपट्टा दिसला की तिनं गप्प व्हायचं. मी तिथं धोंडा ठेवायचा आणि पावलं मोजत परत यायचं. तेवढा त्या भोंग्याचा पल्ला.

ती आधी आकडे म्हणे. तीस-चाळीसपर्यंत गेली की कंटाळे. मग घरातलं बोले. आज वरण पातळ झालं, शेजारणीची कोंबडी आमच्या चुलीत अंडं घालून गेली, यांच्या सदऱ्याला तीन ठिकाणी भोकं आहेत. माझ्या सदऱ्याची भोकं अख्ख्या शिवाराला माहीत होती. कापूस वेचणाऱ्या बाया शेतातून ओरडत, "अवं, भोंग्यावर त्याईचं नाव घे ना एकडाव!" ती म्हणे, "हट! बारा गावं आयकतीन."

बावीस वर्षांत तिनं माझं नाव तोंडातून काढलं नव्हतं. रेशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं तर शेजारणीला कोपरानं ढोसायची, मग शेजारीण सांगायची. मला ती "अजी" म्हणे. मी तिला "अवं". लेकरूबाळ नव्हतं, म्हणून कोणाचा बाप आणि कोणाची माय म्हणूनही हाक मारायची सोय नव्हती. अजी आणि अवं, एवढ्यावर संसार झाला.

गाडी टुरिंग टॉकीजवाल्याची होती. काळी, जुनी, मागचं एक दार दोरीनं बांधलेलं. आत मात्र कंपनीनं बसवलेला रेडिओ होता, समोरच्या फळीत, चांगला चालणारा. तंबू लागला की गावोगाव फिरून खेळ कोणता ते सांगायचं, आणि मधेमधे रेडिओचं गाणंही छतावरच्या भोंग्यांतून वाजायला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. गाडी माझ्या दारात लावून तो दुसऱ्या गावी तंबूची जागा पाहायला गेला.

रेडिओच्या मागून त्याच्या लहान स्पीकरकडं दोन वायरी जात होत्या. त्या तोडून माझ्या अँप्लिफायरकडं वळवायच्या, एवढंच काम दिसत होतं. पण गाडी उलटी निघाली. माझ्या मशीनचा, म्हणजे अँप्लिफायरचा, डबा बॅटरीच्या मायनसला जोडलेला. या गाडीत पत्र्याला प्लस. डबा पत्र्याला नुसता टेकला तरी ठिणगी. पहिल्याच दिवशी टेकला, वायर लाल झाली आणि माझी एक भुवई गेली. ती हसून हसून खाली बसली.

"अजी, दुसरी बी जाळा. सारखं दिसन."

मग मी रेडिओ आणि मशीन यांच्यामधे एक लहान ट्रान्सफॉर्मर घातला. त्यात दोन तारांची वेटोळी शेजारी शेजारी असतात, एकमेकींना शिवत नाहीत. तरी आवाज इकडून तिकडं जातो. वीज जात नाही, आवाज जातो. हे मी आयुष्यभर केलं आणि मला कधी त्याचं नवल वाटलं नाही. आता वाटतं.

मशीनच्या डब्याखाली लाकूड पाहिजे होतं, म्हणजे पत्र्याला टेकणार नाही. ती आतून पाट घेऊन आली, तिच्या माहेरचा, पितळी फुलं ठोकलेला. वरची फुलं मी उपटली.

"जेवाले मी कायच्यावर बसू?"

"भुईवर बसा. कुठचे बादशा हा तुमी?"

पाट पुढच्या सीटमागं ठेवला, त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा, त्यावर मशीन. इंजिन सुरू केलं आणि भोंग्यातून एक बारीक सूर निघाला. सुईंऽऽ करून चढायचा, उतरायचा. ती भाकरीच्या पिठाचे हात घेऊन बाहेर आली. तोंड उतरलेलं.

"कोनाची बाई रडून राह्यली?"

"बाई नाई, डायनामो हाये. इंजिन फिरलं का त्याचा सूर वायरीत उतरते."

"बंद करा तो. कोनी गेल्यासारखं वाटते."

मी डायनामोला कंडेन्सर लावला. सूर कमी झाला, पण गेला नाही. इंजिन जोरात असलं की खालून ऐकू येई. मी म्हटलं, चालते. टॉकीजवाल्याला काय कळते.

हे आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळी, नऊ वाजले असतील, आम्ही गाडी गावाबाहेर बाभळीखाली उभी केली. इंजिन बंद, मशीन बॅटरीवर. वारं गावाकडून रेल्वेच्या लाइनीकडं वाहत होतं. आठ दिवसांपासून तिचा डावा हात दुखत होता. मी म्हटलं होतं, कपडे पिळून दुखला असन, आणि बाम दिला होता. त्या सकाळी माइक तिनं उजव्या हातात धरला. हे मी पाहिलं होतं. पाहून चालायला लागलो.

एक, दोन, तीन. वीस. बत्तीस. मग, "आज आमच्या घरी एका भुवईचा मानूस हाये. कोनाले पाहाचा असन तर संध्याकाळी या." शेतातल्या बाया हसल्या. त्या नऊ-दहा जणी होत्या, ओटी बांधून पांढऱ्या रानात वाकलेल्या. पुढं रेल्वेची लाइन आडवी जाते. तिच्या भरावाखाली दगडी मोरी आहे, पावसाचं पाणी जायला. बाकी दिवस कोरडी. मी मोरीजवळ पोचलो तेव्हा आवाज साफ येत होता.

इथं मी जे केलं ते सरळ लिहितो.

मला बिडी ओढायची होती. तिच्यासमोर ओढता येत नव्हती, खोकल्यावरून तिनं बंद केली होती. आणि पुढं चालायचा कंटाळा आला होता. कोणतं गिऱ्हाईक धोंडे तपासायला येतं? ती बोलत होती, "आन् मीठ संपलं. येतानी मीठ..." आणि मी दुपट्टा काढून वर धरला. ऐकू येत असताना. आवाज तिथंच तुटला. मीठ एवढ्यावर.

असं मी आधीही दोन-तीनदा केलं होतं. तिला माहीत नव्हतं.

मोरीत उतरलो. आत वारं नव्हतं. काडी पेटली. बसलो भिंतीला टेकून. तेवढ्यात दगड घुमायला लागले, आणि मग वरून मालगाडी आली. मोरीत बसून मालगाडी ऐकणं म्हणजे डोक्यावर दगड दळल्यासारखं असतं. डबे किती होते कोण जाणे, बिडी संपली तरी चाललेच होते. गाडी गेली, कानात घूं राहिलं, मग तेही गेलं. बाहेर आलो तर सगळं शांत. शांत असायचंच होतं. दुपट्टा पाहिल्यावर ती गप्प बसणारच. मी धोंडा ठेवला आणि पावलं मोजत निघालो.

अर्ध्या वाटेवर भोंग्यातून आवाज यायला लागला. खस... खस... खस. मला तो लगेच कळला. माइक कापडाला घासतो तेव्हा तसा येतो. मनात म्हटलं, या बाईनं माइक चालू ठेवून पदरात धरला. बॅटरी खाऊन राह्यली फुकटची. आता गेल्यावर सांगतो. खस चालूच होतं, एका लयीत. शेतातल्या बाया माझ्याकडं पाहून एकमेकींना ढोसत होत्या, हसत होत्या. एकीनं ओरडून काहीतरी म्हटलंही. मला पावलं मोजायची होती म्हणून मी तिकडं लक्ष दिलं नाही.

मग खस थांबलं.

मी चारशेच्या घरात होतो. मोजत राहिलो.

गाडीजवळ गेलो तर ती सीटवर बसलेली, मान काचेकडं. माइक छातीवर पदरात गुंडाळलेला, चालू. मला वाटलं डोळा लागला. म्हटलं, "अवं." आणि माझा आवाज माझ्या डोक्यावरून आला. अवंऽ. शिवारभर गेला, लाइनीच्या भरावाला लागून परत आला. मी तिचा खांदा हलवला. बांगड्या वाजल्या, त्या वर वाजल्या, एवढ्या मोठ्या की बाभळीवरचे कावळे उडाले. मी पुन्हा म्हटलं, अवं, अवं आयकतं काय. माझ्या अगोदर वरचा बोले असं मला वाटायला लागलं. माइक तिच्या हातून सुटून भोंग्याच्या तोंडाखाली आला आणि जी शिटी वाजली ती दोन गावांनी ऐकली. तिनंच लोकं धावत आली.

मी गाडी सुरू केली. दुसरं सुचलं नाही. दवाखाना जऊळक्याला. मशीन बंद करायचं राहिलं. माझं काम ते, बटन माझ्या हातानं बसवलेलं, हातभर अंतरावर, आणि माझ्या ध्यानात आलं नाही. इंजिन जोरात आणि छतावरून तो सूर, सुईंऽऽ, चढून उतरणारा. अख्ख्या रस्त्यानं. बैलगाडीवाले रस्ता सोडून उभे राहिले. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. ती माझ्या शेजारी मान हलवत होती, खड्ड्यात हो म्हणायची, वळणावर नाही म्हणायची. मी तिला सांगत होतो, डायनामो हाये, डायनामो हाये. तेही माइकमधून गेलं. नंतर लोकांनी सांगितलं.

डॉक्टरनं डोळ्याची पापणी वर केली, छातीला नळी लावली. म्हणाला, हृदय बंद पडलं. मी विचारलं, किती वेळ झाला. म्हणाला, "जास्त नाही. अर्धा तास धरा." मी मोरीतून गाडीजवळ पोचलो तो वेळ आणि रस्त्याचा वेळ धरला. म्हणजे खस चालू होतं तेव्हा ती होती. तो पदर श्वासानं हलत होता. आणि मी पावलं मोजत होतो.

संध्याकाळच्या आत सगळं उरकलं. मी नदीवरून आलो, ओसरीवर बसलो. तेव्हा कापूस वेचणाऱ्यांपैकी एक म्हातारी आली. बौद्ध मोहल्ल्यातली, आमच्या दुकानात तिच्या लेकाचा रेडिओ दुरुस्तीला यायचा. ती पायरीवर बसली.

"भाऊ, एक सांगू का. सांगितल्याबिगर मले जेवन जानार नाई."

"सांग."

"तुमी दुपट्टा वर केला ना, त्याच्यानंतर थे बोलली."

"काय बोलली?"

"तुमचं नाव घेतलं. तीनडाव."

मी ओसरीच्या कडेला सरकलो.

"आमाले वाटलं, आज घेतलं बापा एकदाचं. आमी रोज म्हनो ना तिले. आमी हासलो भाऊ. टाळ्या वाजवल्या. एकजन बी उठून गेली नाई." ती पदर तोंडाशी धरून म्हणाली, "तुमाले आयकू नाई आलं?"

"मालगाडी होती."

"गाडी मंग आली. नाव पह्यले घेतलं."

रात्रभर मी तेच धरून बसलो. मला नाव ऐकू आलं असतं का? मोरीच्या तोंडाशी उभा असतो तर? भोंग्याचा पल्ला तिथं संपत असेल तर मी काहीही केलं असतं तरी उपयोग नव्हता. संपत नसेल तर दुपट्टा वर करून मी तिला खोटं सांगितलं होतं की तुझा आवाज मला येत नाही. आणि ज्याला आवाज जात नाही त्याला माणूस किती हाका मारणार? तिनं तीन मारल्या. एक गोष्ट अजून होती. बावीस वर्षं न घेतलेलं नाव तिनं दुखलं म्हणून घेतलं, का मी ऐकत नाही असं समजून घेतलं? हे मला कोण सांगणार? पण पल्ला मोजता येत होता. ते माझं काम होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो. सुतक होतं, कोणी म्हटलं बाहेर जाऊ नको. गाडी दारातच होती. टॉकीजवाला येऊन दुरून पाहून गेला होता, म्हणाला, राहू द्या सध्या. तिच्यात बसायला गावातलं कोणी तयार नव्हतं. पोरं दुसऱ्या गल्लीनं जात होती. मी म्हातारी कापसाला निघायच्या आधी तिच्या दाराशी गेलो.

"बाई, गाडीत बसून माहं नाव घ्याचं हाये. मी मोरीपाशी जाऊन आयकतो."

तिच्या सुनेनं आतून म्हटलं, "सासूबाई, नका जाऊ. त्या गाडीत बाई मेली काल."

"मेली त मेली. आपुन थे भूतखेत कवाच सोडून देलं." ओटी बांधायचं फडकं कमरेला खोचत म्हातारी माझ्याबरोबर निघाली.

गाडी त्याच बाभळीखाली लावली. मशीन पाटावर तसंच होतं. म्हातारी सीटवर बसली, सीटच्या अगदी टोकावर. माइक कसा धरायचा ते मी दाखवलं. दुपट्टा दिसला की थांबायचं, हेही सांगितलं.

"किती डाव घेऊ?"

"दुपट्टा दिसेस्तोवर."

मी चालायला लागलो. मागून माझं नाव आलं. एकदा, दोनदा. जडशीळ आवाज, दात पडलेल्या तोंडाचा. रस्त्यात कोणी नव्हतं. बाया त्या दिवशी वेचायला आल्या नव्हत्या, पांढरं रान तसंच उभं होतं. नाव येत होतं आणि त्याच्यामागं काही नव्हतं, ना भुवई ना मीठ ना कोंबडी.

मोरीपाशी काल ठेवलेला धोंडा होता. त्याच्याजवळ उभा राहिलो. नाव साफ आलं. अक्षर न् अक्षर.

मोरीत उतरलो. कालचं बिडीचं थोटूक पडलेलं. भिंतीला टेकून बसलो. नाव आतही आलं, दगडाला लागून दोनदा आलं, एकदा समोरून आणि एकदा पाठीमागून. मी मालगाडीची वाट पाहिली. त्या दिवशी ती आली नाही. गाडीनं मोरी घुमत असताना काय ऐकू आलं असतं, तेवढं मला आजपर्यंत माहीत नाही.

म्हणजे ते मोजून झालं. परत जायला हरकत नव्हती. पण भोंग्याचा पल्ला संपला नव्हता, आणि मी पुढं निघालो. भरावावर चढलो, रूळ ओलांडले. पलीकडं मुरमाड बरड चढत जातं, तिथून गाडी दिसते. नाव येत होतं, बारीक होत.

भोंग्याचं एक असतं. दूर गेलं की आवाजातला माणूस गळून पडतो. जाडेपण पहिलं जातं, मग वय जातं, मग दातांची फट जाते. शेवटी नुसती बाई राहते, कोणतीही. मला हे धंद्यामुळं माहीत होतं. तरी बरडाच्या मधोमध मी थांबलो, कारण जी नाव घेत होती ती म्हातारी नव्हती. बावीस वर्षांत मी तो आवाज माझ्या नावासाठी कधी ऐकला नव्हता, तरी ओळखला. मागं वळून पाहायचं धाडस झालं नाही. खस... खस... असं कानाशी आलं. हात लावला तर दुपट्टा होता, वाऱ्यानं मानेला घासत होता.

एक पाऊल टाकलं की नाव अजून बारीक. मी लहान लहान पावलं टाकायला लागलो. मग अर्धी. दुपट्टा मुठीत धरला होता, पण वर करायचा नव्हता. येत असताना वर करायचा नाही, एवढं ठरलं होतं. बरडाच्या माथ्यावर पळसाचं खोड आहे. तिथं एकदा आलं, नावाचं पहिलं अक्षर, बाकीचं वाऱ्यात. मग नुसता वारा.

मी उभा राहिलो. श्वास धरून ऐकलं. पुन्हा ऐकलं. मशीन बंद नव्हतं, बॅटरी चांगली होती, म्हातारी थांबली नव्हती. मला ऐकू येत नव्हतं.

मी मागं वळलो, दुपट्टा वर केला, दोन्ही हातांनी, आणि तिला दिसावा म्हणून बराच वेळ धरला. मग वाकून एक धोंडा उचलला आणि खोडापाशी ठेवला.